कोडॅक झोपलं नव्हतं

गेल्या शुक्रवारी आमच्या ऑफिसात एक ट्रेनिंग झालं. वेळ दुपारी अडीचची, म्हणजे डबा खाऊन झाल्यावर माणसाचे डोळे आपोआप मिटायला लागतात ती. विषय होता 'डिसरप्शन आणि आपण'. हजेरी कम्पल्सरी. बाहेरून एक कन्सल्टंट आले होते, कडक इस्त्रीचा शर्ट, हातात क्लिकर. तिसऱ्या स्लाइडवर तो ओळखीचा पिवळा डबा झळकला आणि मी शेजारच्याला कोपर मारून म्हटलं, "आला बघ कोडॅक!"

नोकरीला लागल्यापासून ही गोष्ट मी किमान सात वेळा ऐकलीय. सत्यनारायणाच्या कथेत जसा साधुवाण्याचा अध्याय यायचाच, तसा बदलावरच्या प्रत्येक भाषणात कोडॅकचा अध्याय येतोच. गोष्ट थोडक्यात अशी: १९७५ साली कोडॅकच्याच एका तरुण इंजिनिअरनं जगातला पहिला डिजिटल कॅमेरा बनवला, साहेबांनी तो कपाटात कोंबला, कंपनी फिल्म विकत सुस्त पडून राहिली आणि २०१२ साली दिवाळखोरीत गेली. म्हणून बाळांनो, जागे राहा! मग टाळ्या, चहा, बिस्किटं.

मला ह्या गोष्टीचा राग येतो. ती पूर्ण खोटी आहे म्हणून नाही. फार सोयीची आहे म्हणून. ऐकणाऱ्या प्रत्येकाला वाटतं, ते मूर्ख होते, आपण थोडेच तसे आहोत? आपण तर ट्रेनिंगला बसलोय की!

तेव्हा आज शनिवारी सकाळी, दुसरा चहा घेता घेता, कोडॅकचं वकीलपत्र घ्यायचं ठरवलंय.

पहिली गोष्ट, कोडॅक स्वतःच एकेकाळी दुसऱ्यांच्या पोटावर पाय देऊन मोठं झालेलं. जॉर्ज ईस्टमनचा मूळ धंदा काचेच्या ड्राय प्लेटांचा, आणि तो चांगला चाललेला. तो बाजूला ठेवून हा माणूस फिल्मच्या मागे लागला. १८८८ साली त्यानं पंचवीस डॉलरचा एक कॅमेरा काढला, आत शंभर फोटोंचा रोल आधीच भरलेला. फोटो काढून झाले की अख्खा कॅमेराच रॉचेस्टरला पाठवायचा. तिथे रोल धुऊन, फोटो छापून, नवा रोल भरून परत. त्याचे दहा डॉलर. १९०० साली ब्राउनी आला, तो तर एका डॉलरला! कॅमेरा जवळजवळ फुकटात द्यायचा आणि फिल्म, धुलाई, कागद ह्यांवर पिढ्यान् पिढ्या कमवायचं. आज प्रिंटर आणि कार्ट्रिजवाले हेच करतात. आपण शिव्या घालतो आणि कार्ट्रिज विकत घेतो.

ज्यांच्या घरी कोडॅक केबी-१० होता त्यांना हे अर्थशास्त्र वेगळं शिकवायला नको. आमच्याकडे छत्तीसचा एक रोल गणपतीला टाकला की तो दिवाळीपर्यंत पुरवायचा असे. फोटो काढायच्या आधी बाबा सगळ्यांना दोन दोनदा उभं करून बघायचे, मग ऊन कुठून येतंय ते बघायचे, मग आजीला हस म्हणायचे, आणि मग म्हणायचे, "राहू दे, केक कापताना काढू." प्रत्येक क्लिकला पैसे पडत होते ना! रोल धुवायला टाकला की आठवडाभर वाट पाहायची आणि मग कळायचं, अकरा फोटोंत बाबांचं बोट आलंय. त्या बोटाचेही पैसे दिलेले असायचे. त्यातला मोठा वाटा पिवळ्या किंवा हिरव्या डब्याला जायचा.

आता त्या १९७५ च्या कॅमेऱ्याकडे वळू. स्टीव्ह सॅसन तेव्हा अवघ्या पंचविशीचा. त्यानं सुपर एट मूव्ही कॅमेऱ्याच्या सुट्या भागांतली लेन्स घेतली, फेअरचाइल्डचा सीसीडी सेन्सर घेतला, सोळा बॅटऱ्या आणि एक कॅसेट रेकॉर्डर जोडला. वजन साडेतीन किलोच्या वर. फोटो शंभर बाय शंभर ठिपक्यांचा, ब्लॅक अँड व्हाइट, आणि तो कॅसेटवर उतरायला तेवीस सेकंद. आणि बघायचा टीव्हीवर. तुम्ही साहेब असता तर ह्या खोक्यासाठी फिल्मचा धंदा बंद केला असता? मी तरी नसता केला.

तरीही साहेबांनी विचारलं, हे फिल्मच्या बरोबरीला कधी येईल? सॅसननं मूरच्या नियमावरून गणित मांडलं आणि सांगितलं, पंधरा ते वीस वर्षं. हे उत्तर चांगलंच बरोबर निघालं. पुढे १९८१ साली सोनीनं माव्हिका दाखवला तेव्हा कोडॅकमध्ये खळबळ उडाली आणि व्हिन्स बाराब्बा नावाच्या त्यांच्या मार्केट रिसर्चच्या माणसानं रीतसर अभ्यास केला. निष्कर्ष काय? डिजिटल फिल्मची जागा घेऊ शकतं, पण आपल्या हातात साधारण दहा वर्षं आहेत. म्हणजे पेपर फुटलेला होता, उत्तरंही हातात होती.

बरं, कपाटात कोंबलं म्हणावं तर तसंही नाही. कोडॅकच्याच ब्राइस बायरनं सेन्सरवर लाल, हिरव्या, निळ्या ठिपक्यांची जी जाळी बसवली तिचं पेटंट १९७६ चं. तुमच्या खिशातल्या फोनचा कॅमेरा बहुतेक त्याच जाळीवर किंवा तिच्या एखाद्या भाऊबंदावर चालतोय. १९८६ साली दहा लाखांहून जास्त ठिपक्यांचा सेन्सर कोडॅकनं बनवला. १९९१ साली निकॉनच्या बॉडीवर बसवलेला डीसीएस हा व्यावसायिक डिजिटल कॅमेरा बाजारात आणला. १९९४ साली ॲपलच्या नावानं जो क्विकटेक कॅमेरा आला तो बनवलेला कोडॅकनं. २००१ साली त्यांनी ऑफोटो ही फोटो अपलोड करून शेअर करण्याची साइट विकत घेतली. २००१! फेसबुकच्या तीन वर्षं आधी. आणि २००५ साली अमेरिकेत सगळ्यात जास्त डिजिटल कॅमेरे कोणाचे खपले? कोडॅकचे.

ही झोपलेली कंपनी वाटते का तुम्हाला?

मग झालं काय? इथे क्लेटन क्रिस्टेनसेनबाबांना आणावं लागतं, कारण 'डिसरप्शन' हा शब्द आज लग्नाच्या केटररपर्यंत पोचला असला तरी तो धंद्याच्या भाषेत रुजवला त्यांनी. १९९७ सालच्या त्यांच्या पुस्तकातलं मुख्य उदाहरण हार्ड डिस्कचं होतं. चौदा इंची डिस्क बनवणाऱ्या कंपन्या आपल्या मोठ्या गिऱ्हाइकांचं नीट ऐकत होत्या. आठ इंची डिस्क आली ती दुबळी आणि कमी क्षमतेची, मोठ्या गिऱ्हाइकाला नकोच होती. ती घेतली मिनिकॉम्प्युटरवाल्यांनी. हळूहळू ती सुधारली आणि वरच्या बाजारात शिरली. मग सव्वापाच इंची, मग साडेतीन. प्रत्येक वेळी जुने सरदार बरोबर वागूनच मेले. सिद्धांताचा जीव हा आहे: हल्ला खालून येतो, स्वस्त आणि हलक्या मालातून येतो, आणि शहाण्या मॅनेजरला तो शहाणपणामुळेच दिसत नाही.

सिद्धांत सुरेख आहे, वाद नाही. क्रिस्टेनसेन स्वतः त्याबाबत इतके काटेकोर होते की २०१५ साली त्यांनी आणि दोन सहकाऱ्यांनी लिहून टाकलं, उबर हे डिसरप्शन नव्हेच, कारण ते खालच्या बाजारातून आलेलं नाही. आता ज्या शब्दाचं पहिलं उदाहरण म्हणून आख्खं जग उबरचं नाव घेतं, त्या शब्दाचा बापच म्हणतोय की हे माझं पोर नाही! मला वाटतं इथेच पाणी मुरतंय. हार्ड डिस्कच्या गोष्टीत चौदा इंची गेली, आठ इंची आली, पण विकत होते ते डिस्कच. डिजिटल फोटोत विकायची वस्तूच नाहीशी झाली. पुढचा फोटो काढायला पैसेच पडेनासे झाले. आणि गिऱ्हाईक तुमच्या समोरच्या दुकानात गेलं असंही नाही. त्यानं रोल घ्यायचं सोडलं, एवढंच.

दुसरा फरक मला जास्त महत्त्वाचा वाटतो आणि तो कळला विली शी ह्यांच्यामुळे. हे गृहस्थ १९९७ ते २००३ कोडॅकच्या डिजिटल विभागाचे प्रमुख होते, नंतर हार्वर्डमध्ये शिकवायला गेले, आणि २०१६ मध्ये त्यांनी कोडॅकचे खरे धडे कोणते ह्यावर लेख लिहिला. रंगीत फिल्म बनवणं म्हणजे काय भानगड होती ते त्यात समजतं. रुंद पट्टा वेगानं पळतोय आणि त्यावर रसायनांचे वीसच्या वर थर, एकावर एक, न मिसळता, पूर्ण अंधारात चढवायचे! एक थर सूक्ष्मसा जाड झाला की माल फुकट. हे जमणाऱ्या कंपन्या जगात बोटांवर मोजण्याइतक्या. पैसा ओतून उद्या कोणी कारखाना टाकतो म्हटलं तर जमायचं नाही. कोडॅकचा किल्ला हा होता.

डिजिटल कॅमेऱ्याला असा किल्लाच नाही. सेन्सर बाजारात मिळतो, लेन्स मिळते, प्रोसेसर मिळतो, मेमरी मिळते. आणा आणि जोडा. ज्या ज्ञानाला शंभर वर्षं लागली ते एका चिपमध्ये भरून कोणालाही काउंटरवर विकायला ठेवलेलं. म्हणून कॅसिओ ह्या घड्याळं-कॅल्क्युलेटरवाल्यांनी कॅमेरे काढले, एचपी ह्या प्रिंटरवाल्यांनीही काढले. कोडॅक २००५ साली पहिल्या नंबरवर होतं खरं, पण ज्या शर्यतीत कोणालाच धड नफा नव्हता त्या शर्यतीत.

आणि कळस म्हणजे ती शर्यतच पुढे बंद पडली! साध्यासुध्या आणि मोठ्या सगळ्या मिळून डिजिटल कॅमेऱ्यांची जगभरातली रवानगी २०१० मध्ये बारा कोटींवर होती. दहा वर्षांत ती एक कोटीच्या खाली आली. फोननं कॅमेरा गिळला. म्हणजे कोडॅकनं १९७५ सालीच फिल्म बंद करून जीव तोडून डिजिटल कॅमेरे केले असते, तरी २०१० नंतर त्याच खड्ड्यात पडले असते. फक्त दुसऱ्या बाजूनं. जानेवारी २०१२ मध्ये कोडॅक दिवाळखोरीच्या अर्जासह कोर्टात उभं राहिलं, आणि एप्रिलमध्ये फेसबुकनं इन्स्टाग्राम घेतलं. शंभर कोटी डॉलरला. इन्स्टाग्राममध्ये तेव्हा माणसं होती तेरा. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस कोडॅकमध्ये होती सुमारे एक लाख पंचेचाळीस हजार.

म्हणजे सॅसनला तारीख माहीत होती, बाराब्बाला तारीख माहीत होती. पैसा पुढे कुठल्या खिशात जाऊन बसणार, हे मात्र कोणालाच माहीत नव्हतं. फोनवाल्याच्या? जाहिरातवाल्याच्या? ऑफोटो चालवताना कोडॅकला वाटत होतं की लोक फोटो शेअर करतात ते शेवटी छापण्यासाठी. लोकांना छापायचेच नव्हते. किती साधी गोष्ट, पण छपाईवर जगणाऱ्या माणसाला ती कशी सुचावी?

इथे कन्सल्टंट लोक फुजीचं उदाहरण काढतात (आमच्याही काढलं, सोळावी स्लाइड). फुजी वाचलं, कारण कोमोरीसाहेब दूरदृष्टीचे. खरंय, बऱ्याच अंशी. फुजीनं यादी केली की आपल्याला फोटो सोडून येतं काय? पातळ थर चढवता येतात, कोलॅजेन कळतं, रंग उडू नयेत म्हणून ऑक्सिडेशन कसं थांबवायचं ते कळतं. मग एलसीडी पडद्याला लागणारी फिल्म विकली, २००७ साली ॲस्टालिफ्ट नावाची सौंदर्यप्रसाधनं आणली, २००८ साली औषध कंपनी घेतली. म्हातारा फोटो पिवळा पडू नये म्हणून जे ज्ञान होतं ते चेहऱ्याच्या क्रीमला लावलं! आपल्याला हसू येतं, पण विचार करा, किती थंड डोक्यानं केलेलं काम आहे. कोडॅकनं मात्र १९९४ च्या सुरुवातीला आपला केमिकलचा धंदा वेगळा काढून दिला होता आणि २००७ मध्ये एक्स-रे वगैरेचा विभागही विकला. ज्या फांदीवर पुढे बसता आलं असतं त्या एकेक करून तोडल्या. ही चूक मी मान्य करतो. वकिलानं सगळंच नाकारायचं नसतं.

पण फुजीच्या गोष्टीतला एक भाग स्लाइडवर नसतो. २००६ मध्ये फुजीनं फोटोच्या धंद्यातली पाचएक हजार माणसं कमी केली. कंपनी तरली, पण त्या पाच हजारांतल्या किती जणांना क्रीम बनवायला घेतलं असेल? 'फुजी जिंकलं' म्हणताना आपण शेअरहोल्डर होऊन बोलतो. आपल्यातले बहुतेक शेअरहोल्डर नाहीत हो. आपण त्या कोटिंगच्या लाइनवर काम करणारे.

ह्या सगळ्यात मला आमच्या जुन्या घराजवळचे फोटो स्टुडिओवाले काका आठवतात. आठवतात म्हणजे काय, गेल्याच महिन्यात व्हिसाच्या फोटोसाठी त्यांच्याकडे गेलो होतो. तोच लाकडी स्टूल, पडदा मात्र आता पांढरा. ("मान जरा डावीकडे... नाही, माझ्या डावीकडे.") पूर्वी ते निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलनं रिटचिंग करायचे, मुलीच्या चेहऱ्यावरचे देवीचे व्रण घालवायचे. स्थळांना पाठवायचे फोटो असायचे ते. मी विचारलं, काका, तुम्ही कसे काय टिकलात?

ते म्हणाले, "माझ्याकडे मशीन घ्यायला पैसे नव्हते, म्हणून."

झालं होतं असं की मागच्या गल्लीतल्या लॅबवाल्यानं कर्ज काढून मोठी मिनीलॅब टाकली होती. चांगली चालली, रांगा लागायच्या, काका स्वतः आपले रोल त्याच्याकडे धुवायला द्यायचे. मग लोक कॉप्या काढेनासे झाले. हप्ते चालू, कॉप्या बंद. लॅबवाल्यानं दुकान विकलं, आता तिथे मोबाइलच्या काचा बदलून मिळतात. काकांचा हप्ताच नव्हता. पुतण्या फोटोशॉप शिकला, लग्नांचे करिझ्मा अल्बम सुरू झाले आणि जुन्या चिकटवायच्या अल्बमपेक्षा त्यात जास्त पैसे सुटायला लागले. पुढे पासपोर्टचा फोटो तिथल्या सेवा केंद्रातच काढायला लागले, तेव्हा तेही गिऱ्हाईक गेलं.

"आणि आता?"

"आता जास्त काम फ्रेमचं," काका म्हणाले. मला आधी कळलंच नाही. मग भिंतीकडे पाहिलं. हार घालायच्या फ्रेमा. माणूस गेल्यावर घरचे लोक येतात, फोनमध्ये दहा-दहा हजार फोटो असतात आणि त्यात वडिलांचा एकटा, समोर बघतानाचा, एकही नसतो. कुठल्यातरी लग्नाच्या ग्रुपमध्ये तिसऱ्या रांगेत, व्हॉट्सॲपवर फिरून फिरून पुसट झालेला चेहरा. तो कापायचा, मोठा करायचा, शर्ट नीट करायचा, बाराव्या-तेराव्याच्या आत द्यायचा. कोविडमध्ये तर, म्हणाले, रात्री दोन दोन वाजेपर्यंत बसलोय. पूर्वी एका चेहऱ्याला अख्खी दुपार जायची. आता पुतण्यानं कुठलंतरी एआय घेतलंय, पाच मिनिटांत चेहरा स्वच्छ होतो. कधी कधी फारच स्वच्छ होतो, मग ते बसून सुरकुत्या परत घालतात. "मुलगी म्हणते हे बाबा वाटत नाहीत. मग चामखीळ परत लावायची."

मी विचारलं, पाच मिनिटांत होतं तर भाव कमी केलात का? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी विषय बदलला.

आता आपल्याकडे येतो, कारण हे सगळं ज्यासाठी लिहायला घेतलं ते हेच.

आपला रोल कोणता? आपण, म्हणजे पुणे-बेंगळुरू-हैदराबादेत बसून परदेशातल्या बँकांचे आणि विमा कंपन्यांचे प्रोग्राम सांभाळणारे लोक. आपण सॉफ्टवेअर विकतो अशी आपली समजूत असते, पण इन्व्हॉइस बघा की! इन्व्हॉइसवर तास असतात. इतकी माणसं, गुणिले इतके तास, गुणिले दर. माणूस-तास हा आपला छत्तीसचा रोल. बाकी सगळं, म्हणजे बेंच, पिरॅमिड, युटिलायझेशन, कॅम्पसवरून दर वर्षी उचललेली पोरं, ते सगळं ह्या रोलभोवती उभं आहे.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं. आपल्याकडे कोणी झोपलं का? अजिबात नाही! मला माहीत असलेल्या प्रत्येक कंपनीत एआयची स्लाइड आहे, सर्टिफिकेशन आहे, हॅकेथॉन आहे. आमच्या टीमनंच एक टूल बनवलं, जुन्या कोबॉल प्रोग्रामचं डॉक्युमेंटेशन काढणारं. चांगलं चालतं. पूर्वी दहा तासांचं काम आता चार तासांत होतं. आणि मग मीटिंगमध्ये प्रश्न आला, हे क्लायंटला सांगायचं का? सांगितलं तर तो सहा तासांचे पैसे कापणार. न सांगितलं तर पुढच्या रिन्यूअलला दुसरी कंपनी सांगून काम घेऊन जाणार. खोलीत दोन मिनिटं शांतता. कोणी मूर्ख नव्हतं त्या खोलीत. सगळे जागे होते, सगळ्यांना तारीख माहीत होती. ट्रेनिंगला बसताना मला ती शांतता आठवत होती.

तुम्ही म्हणाल, तास विकू नका, परिणाम विका. बोलायला ठीक आहे. पण परिणाम विकायचे म्हणजे प्रोजेक्ट बुडाला तर तोटा आपला. तीस वर्षं आपले करार अगदी ह्याच्या उलट लिहिले गेले, जोखीम क्लायंटची, तास आमचे. ती सवय एका क्वार्टरमध्ये मोडत नाही. जुलै २०२५ मध्ये टीसीएसनं सुमारे बारा हजार लोक कमी करणार म्हणून जाहीर केलं. एआयमुळे नाही, कौशल्यांचा मेळ बसत नाही म्हणून, असं त्यांचं म्हणणं. असेलही. पण त्या आठवड्यात आमच्या कँटीनमध्ये कोणी मोठ्यानं हसत नव्हतं एवढं खरं.

मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. आमच्या टीममध्ये एक पंचावन्नच्या पुढचे गृहस्थ आहेत. एका विमा कंपनीच्या सिस्टिममध्ये एकोणतीस फेब्रुवारीला जन्मलेल्या पॉलिसीधारकांसाठी एक वेडीवाकडी इफ कंडिशन आहे. आमच्या टूलनं तिचं डॉक्युमेंटेशन झकास काढलं, काय करते ते. ती का आहे हे फक्त ह्यांना माहीत. नव्वदीच्या शेवटी एका तक्रारीमुळे ती घातली आणि काढली तर काय होतं तेही त्यांनी भोगलंय. फुजीच्या भाषेत, ही आपली केमिस्ट्री. आणि आपल्या अप्रेझलच्या फॉर्ममध्ये ह्याला रकाना नाही. ह्या माणसाला 'कॉस्टली रिसोर्स' म्हणतात. उलट टोकाला, ह्यांच्या हाताखाली बसून दोन वर्षं गाढवकाम करत जी पोरं हे सगळं शिकायची, ती ह्या वर्षी आमच्या टीमला दिलेलीच नाहीत, कारण गाढवकाम टूल करतं. हिशोबाला बरोबर आहे. पण दहा वर्षांनी पुढची इफ कंडिशन का आहे ते कोण सांगणार? कोडॅकनं केमिकल विभाग काढून दिला तोही हिशोबाला बरोबरच होता.

मी काही ज्योतिषी नाही. कदाचित तास संपले तरी काम वाढेल, फोटो फुकट झाल्यावर लोक पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त काढायला लागले तसं. पण वाढलेल्या फोटोंचे पैसे रॉचेस्टरला गेले नाहीत, हे विसरून कसं चालेल?

आमच्या मॅनेजरला मी शुक्रवारी संध्याकाळी एवढंच विचारलं की पुढच्या रिन्यूअलमध्ये एक तरी काम तासांऐवजी नगावर विकून बघू या का, आणि त्या गृहस्थांबरोबर एक फ्रेशर बसवू या का, नॉन-बिलेबल. ते म्हणाले, पहिल्याचं बघू, दुसऱ्याला बजेट नाही. मग म्हणाले, सोमवारपर्यंत एक्सेल करून दे, मी वर विचारतो.

तर आता एक्सेल करायला घेतोय. नॉन-बिलेबलच्या रकान्यासमोर कारण काय लिहायचं ते अजून सुचलेलं नाही. तुमच्याकडे कोणी असं मंजूर करून घेतलं असेल तर जरूर सांगा, सोमवार सकाळच्या आत.